पल्लवीच्या फोटोतला ताणा

इकडे या बरं सगळे, जवळ बसा. भाजी फोडणीला टाकून एका डोळ्यानं वाचायचं असेल तर आधी गॅस बंद करा. तुमची सवय मला माहीत आहे. ह्या ग्रुपवर कुणी काही लिहिलं की अर्धंच वाचता अन् खाली विचारता, "पुढे काय झालं?" अहो, पुढे काय झालं ते पुढेच लिहिलेलं असतं ना... शेवटपर्यंत वाचा, मग काय ते विचारा.

अन् एक सांगून ठेवते. मी ह्यातली बाई नाही. इथे कुणाला पैंजण ऐकू येतं, कुणाला पिंपळाखाली कोणी दिसतं – मी वाचते, हसते अन् झोपून जाते. आमच्या घरात सासूबाईंना उतारा-बितारा सुद्धा चालत नसे. नवरा गेल्यापासून एकटी राहते, पण कधी कशाला दचकले नाही. म्हणून हे लिहू की नको, असं पुष्कळ दिवस झालं. शेवटी पल्लवीच म्हणाली, तू होतीस तिथे, तूच लिही. तर लिहून राहिली आहे. शाळा माझी चौथीत सुटली. पुढचं सगळं दुकानांच्या पाट्या अन् सामानाच्या पुड्यांचे कागद वाचून शिकले. मोबाईलवर एका बोटानं लिहिते. चुका पदरात घ्या.

आधी घर सांगते, म्हणजे डोळ्यासमोर येईल. नागपुरात इतवारीचा बाजार ओलांडला की तांडापेठेकडे जाताना आमची गल्ली लागते. विणकरांची गल्ली. माझं माहेरही इथलंच, चार घरं सोडून. लग्न झालं तेव्हा वरात गल्लीच्या ह्या तोंडातून निघाली अन् त्या तोंडातून परत आली, एवढाच काय तो प्रवास. लहानपणी घरोघरी माग होता. आता एकाही घरी नाही. कुणी कूलर दुरुस्त करतो, कुणी लकडगंजात आरामशीनवर लाकडं चिरायला जातो, पोरी मॉलमध्ये लागल्या. आमचाही माग मोडून किती वर्षं झाली. त्या खोलीला आम्ही अजून मागाची खोलीच म्हणतो, असतात मात्र तिथे गव्हाच्या कोठ्या अन् जुन्या गाद्या.

ताणा म्हणजे काय ते नवीन लोकांना माहीत नसेल. लुगड्याचे उभे धागे, तो ताणा. मागावर चढवायच्या आधी ते सगळे धागे गल्लीत लांबच्या लांब ताणायचे, कमरेइतक्या उंचीवर, दोन्ही टोकांना खुंट्याला बांधून. मधे मधे बांबूच्या कामट्या. मग वरून तांदळाची खळ लावायची अन् मोठा कुंचा ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढत न्यायचा, परत आणायचा, परत न्यायचा. म्हणजे धागा मजबूत होतो, विणताना तुटत नाही. सकाळच्या कोवळ्या उन्हात हे काम. एकदा ताणा लागला की गल्ली त्याची. ओलांडायचा नाही, शिवायचा नाही. सायकलवाला असेल तर उतरेल, पाहुणा असेल तर भिंतीच्या कडेनं जाईल. माझ्या लग्नाची वरातही कडेकडेनंच गेली होती, कारण मधे कुणाचा तरी ताणा वाळत होता. बँडवाल्यांची फार अडचण झाली.

आता पल्लवी. माझ्या धाकट्या दिराची पोरगी, मला मोठी आई म्हणते. ही फोटोग्राफर आहे. पण लग्नाचे फोटो काढणारी नव्हे. हिचे फोटो मोठमोठे करून भिंतीवर लावतात अन् लोक हात मागे बांधून पाहत उभे राहतात. समोरच्या शेवंताबाई, आमच्या गल्लीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या, त्यांनी मला एकदा हळूच विचारलं होतं, "एवढं शिकली पोरगी, अन् एका लग्नाची ऑर्डर काहून नाही मिळत वं तिले?"

ह्या वर्षी सिव्हिल लाइन्सकडच्या एका गॅलरीत नागपूर अन् आजूबाजूच्या नव्या फोटोग्राफर पोरापोरींचं प्रदर्शन ठरलं. पल्लवीचं मोठ्या ठिकाणी लागणारं पहिलंच काम. नियम एकच – फोटो जसा आला तसाच लावायचा. कॉम्प्युटरवर काही घालायचं नाही, काही पुसायचं नाही. हल्ली काय, बटण दाबलं की आकाशात हत्ती आणता येतो म्हणे. मागे कुठेतरी एकाचं चित्र तसलं निघालं, तर त्याला पुढे कोणी दारात उभं करेना. म्हणून प्रत्येकानं शब्द द्यायचा होता. एका पोरीनं काटोलच्या बाजारात संत्री उचलून नेल्यावर मागे उरलेल्या गवताचे फोटो काढले होते. नुसतं गवत. मी विचारलं संत्री कुठे आहेत, तर पल्लवी म्हणाली तीच तर गंमत आहे. मला गंमत कळली नाही, पण गवत छान होतं.

हिला पाहिजे होती माझी मागाची खोली. म्हणाली, तुझी खोलीच माझा कॅमेरा. मला वाटलं पोरीला ऊन लागलं. तिनं कोठ्या सरकवल्या, गल्लीकडच्या खिडकीवर अन् दारावर काळा प्लास्टिकचा कागद चिकटवला, खोलीत काळाकुट्ट अंधार केला. मग त्या काळ्या कागदाला मसुराच्या दाण्याएवढं भोक पाडलं. अन् मला हाताला धरून आत नेलं.

काय सांगू तुम्हाला... समोरच्या भिंतीवर आमची सगळी गल्ली उतरली होती. उलटी. घरं डोक्यावर, आभाळ खाली जमिनीशी. शेवंताबाईंची वाळत टाकलेली साडी वर उडत होती. इस्त्रीवाले बाबाराव सायकलवरून पाय वर डोकं खाली करून चालले होते. ना बॅटरी, ना मशीन. मी कितीतरी वेळ तोंड उघडं टाकून पाहत राहिले. चहा दोनदा उतू गेला.

त्या भिंतीवर पल्लवी फोटोचा मोठा कागद लावते, पंचाएवढा. भोकातून येणारा उजेड त्या कागदावर दीड-दोन तास पडू देते. एवढा वेळ लागतो. अन् तिनं मला एक गोष्ट सांगितली ती लक्षात ठेवा, पुढे लागेल. म्हणाली, "मोठी आई, ह्याच्यात जे हलते ते येत नाही. जे थांबते तेच येते." तेवढ्या वेळात कितीही माणसं गेली तरी कागदावर गल्ली रिकामी. बांधलेली बकरी आली तर धुरासारखी.

होळी होऊन गेली होती, ऊन तापायला लागलं होतं. एका सकाळी तिनं कागद लावला अन् मला बाहेर बसवलं. काम एवढंच – गल्लीच्या अगदी मधोमध स्टूल टाकून बसायचं, म्हणजे भोकासमोर कोणी टेम्पो किंवा स्कूटर उभी करणार नाही. जास्त हलायचं नाही, म्हणजे मीही येईन फोटोत. नुसतं कसं बसवेल मला? सुपात लसूण घेऊन बसले. सोलत बसले आपली. दूधवाला गेला, शाळेच्या पोरी गेल्या, बाबाराव गेले. काही म्हणजे काही झालं नाही.

कागद धुवायचं काम माझ्या न्हाणीत, लाल दिवा लावून. मी स्वयंपाकाला लागले होते. आतून पल्लवीनं हाक मारली, जरा वेगळीच. गेले तर ती टबावर वाकून उभी.

"गल्लीत काय बांधलं होतं?"

मी म्हटलं काही नाही. ह्या कागदावर आधी सगळं उलट रंगाचं येतं, पांढरं ते काळं. मला काही उमगेना. संध्याकाळपर्यंत तिनं त्यावरून सरळ फोटो काढला अन् माझ्यासमोर जमिनीवर अंथरला.

आमची गल्ली. शेवंताबाईंचा ओटा. बाजूला स्टुलावर मी – चेहरा बऱ्यापैकी आला होता, हात मात्र नव्हते, लसूण सोलत होते ना. अन् गल्लीच्या मधोमध, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, ताणा लावलेला. धागा न् धागा सुटा दिसत होता. मधल्या कामट्या दिसत होत्या. एका बाजूला ओला झाल्यासारखा जरा लोंबला होता, खळ लागली की लोंबतो तसा.

भीती वाटली का, असं सगळे विचारतात. खरं सांगते, पहिलं मनात आलं ते हे, की कुणाचा असेल हा? अन् रंग कोणता? काळ्यापांढऱ्या फोटोत रंग कळत नाही, त्याची अशी काही हुरहुर लागली...

मग शोधाशोध. कागद आधी वापरलेला असेल म्हणावं, तर बंद डबा पल्लवीनं माझ्यासमोर फोडला होता. माझा मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, केबलच्या तारा असतील. म्हणून मी खोलीत जाऊन भिंतीवरची उलटी गल्ली पुन्हा पाहिली. तारा भलतीकडेच, घरांच्या माथ्यावर. अन् तारेला कामट्या कोण घालतो? वाळत घातलेल्या दोऱ्या म्हणावं, तर त्या दिवशी दोरी एकच होती, तिच्यावर शेवंताबाईंची साडी. शेवटी पल्लवीनं दुसऱ्या दिवशी त्याच वेळी नवा कागद लावला. मी परत स्टूल घेऊन बसले. त्यात आली नुसती गल्ली अन् मी. ताणा नाही.

इथूनच पल्लवीचं कठीण झालं. ताण्याचा फोटो तिनं गॅलरीत पाठवला होता अन् तो सगळ्यांना इतका आवडला की दारातून शिरल्या शिरल्या समोरच्या भिंतीवर लावायचा ठरला. मग कोणीतरी विचारलं, आजकाल ताणा लावतात का तिकडे? पल्लवी खोटं बोलणारी नाही. म्हणाली, नाही लावत. झालं. काय लावायचं, कुठे लावायचं हे ठरवणाऱ्या एक देवयानी मॅडम होत्या, पुण्याच्या. क्युरेटर म्हणतात त्यांना. त्या म्हणाल्या, मग हे आलं कुठून? उद्घाटनाच्या आदल्या दिवशी त्या पल्लवीला घेऊन थेट माझ्या घरी आल्या.

बाई वाईट नव्हत्या हो. साधी सुती साडी, बोलणं नीट. पोहे खाल्ले, खोली पाहिली, भोक पाहिलं. मग दोन्ही फोटो माझ्या पलंगावर ठेवले अन् मला म्हणाल्या, "आजी, त्या दिवशी गल्लीत कुणी ताणा लावला होता का? हौसेनं, फोटोसाठी मुद्दाम लावला असेल तरी चालेल. मांडलेलं चालतं आम्हाला. फसवलेलं चालत नाही."

बघा आता. दार उघडंच होतं. मी नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. हो, लावला होता आम्ही, जुना पडला होता घरात – एवढं म्हटलं की पल्लवीचा फोटो समोरच्या भिंतीवर. अन् खरं बोलले तर पोरगी लबाड ठरणार, पहिल्याच मोठ्या कामात. मी साक्षीदार तिची, अन् माझी साक्षच तिला बुडवणार. मी पल्लवीकडे पाहिलं. ती खिडकीकडे पाहत होती. म्हणाली, "खरं ते सांग."

मी म्हटलं, "ताणा नव्हता. मी तिथेच बसली होती. मले काही दिसलं नाही."

मॅडमनी मान डोलावली. राग नव्हता, वाईटच वाटलं असावं. फोटो उचलायला वाकल्या अन् वाकल्यावाकल्या थांबल्या. एकदा ह्या फोटोकडे, एकदा त्या.

"आजी, ह्या दुसऱ्या फोटोत तुम्ही मधोमध बसल्या आहात. पहिल्यात भिंतीला खेटून का?"

मी चष्मा लावून पाहिलं. खरंच की. ताण्याच्या फोटोत माझं स्टूल शेवंताबाईंच्या भिंतीला अगदी टेकलेलं. अन् तिथे तर सकाळचं ऊन थेट तोंडावर येतं... मी कधी बसत नाही तिथे. पल्लवी म्हणाली, मी तुले मधात बस म्हणून सांगितलं होतं. सांगितलं होतं, मला आठवतं. मी मधे बसायलाच गेले होते. तिथून कडेला कधी सरकले, काहून सरकले, हे मला त्या क्षणापर्यंत माहीतच नव्हतं.

तेवढ्यात बाबाराव कपड्यांचं गाठोडं घेऊन दारावरून चालले होते. मी हाक मारली. विचारलं, त्या दिवशी मी लसूण सोलत बसले होते तेव्हा तुम्ही इथून सायकलवर गेलात ना?

"गेलो ना."

"बसून गेले का उतरून?"

बाबाराव विचारात पडले. गाठोडं ओट्यावर ठेवलं. "उतरून," ते म्हणाले. "हातात धरून नेली सायकल. तुमच्या पायाले लागली असती म्हणून तुम्ही पाय आखडले." मग आपल्याच बोलण्याचं त्यांना नवल वाटलं. "अर्धी गल्ली तर रिकामी होती. काहून उतरलो असीन गा मी?" गा तर पुरुषाला म्हणतात, कोणाला म्हणाले कोण जाणे, समोर आम्ही तिघी बायाच होतो.

मग मला एकेक आठवायला लागलं. शाळेच्या पोरी रोज हातात हात घालून पसरून चालतात. त्या सकाळी एकीमागे एक गेल्या, पलीकडच्या भिंतीला धरून. दूधवाल्यानं गाडी गल्लीच्या तोंडाशीच लावली अन् कॅन हातात घेऊन आला. मधून कोणी म्हणजे कोणी गेलं नव्हतं. तेव्हा मला त्यात काही वेगळं वाटलं नाही... कारण लहानपणापासून मी सकाळी गल्लीत लोकांना असंच चालताना पाहिलं होतं.

मॅडमनी फोटो तसेच पलंगावर राहू दिले. दारात जाऊन गल्ली पाहत उभ्या राहिल्या. मग पल्लवीला म्हणाल्या, हा फोटो लागेल, समोरच लागेल, कॉम्प्युटरचा म्हणून कोणी हसलं तर हसू दे, तुझ्यावर अन् माझ्यावरही. खाली फक्त आजी जे बोलल्या तेच लिही, एक अक्षर जास्त नको. अन् निघाल्या. मी दारातून पाहत होते. साडीचा घोळ हातात आवरून भिंतीच्या कडेकडेनं गेल्या, कोणी न सांगता.

उद्घाटनाला मी शेवंताबाईंना घेऊन गेले, ऑटोनं. एसी सुरू होता, त्यांना थंडी वाजली. फोटोखाली पाटी होती – ताणा नव्हता. मी तिथेच बसली होती. मले काही दिसलं नाही. लोक वाचत होते, जवळ जाऊन नाक लावून पाहत होते. एक गृहस्थ बायकोला सांगत होते की हे आजकाल पाच मिनिटांचं काम आहे. पल्लवी ऐकत होती.

शेवंताबाईंनी पाटी वाचली नाही, त्यांना वाचता येत नाही. त्या फोटोसमोर काठी टेकून उभ्या राहिल्या. हा आला कुठून असं त्यांनी विचारलंच नाही. तोंडावर नाराजी.

"खळ वाळून राहिली वं," त्या म्हणाल्या. "असा उघडा टाकून माणसं कुठी गेली सगळी?"

मी सांगायला तोंड उघडलं अन् पल्लवीचं बोलणं आठवलं. जे हलते ते येत नाही, जे थांबते तेच येते. मी त्यांना तसंच सांगितलं – असतील बाई माणसं, कुंचा घेऊन जाऊन येऊन राहिली असतील. हा फोटो हलणाऱ्याले घेतच नाही. माझेच हात पाहा, कुठे आहेत?

शेवंताबाईंचं समाधान झालं. मस्त मान हलवून त्या गवताचे फोटो पाहायला गेल्या.

माझे पाय मात्र तिथून निघेनात. माझी आई तुटलेले धागे सांधायची. ताणा लागला की ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर लावून फिरायची, तुटला धागा दिसला की चिमटीत धरून पीळ द्यायची अन् पुढे. जेवायला सुद्धा बसलेली मला आठवत नाही, ताट हातात घेऊन उभ्यानं जेवायची. जन्मात कधी एका जागी थांबली नाही बाई. ती कशी येणार फोटोत? मी त्या ताण्याच्या बाजूची रिकामी जागा पाहत राहिले... रिकामीच होती. पण मला ती तशी वाटेना.

एवढंच आहे. कशानं झालं ते मला आजही माहीत नाही. पल्लवीलाही नाही, मॅडमलाही नाही. पल्लवीनं त्यानंतर पुष्कळदा कागद लावून पाहिला, नुसती गल्ली येते. मोठमोठे तर्क तुम्ही खाली लिहालच, लिहा, मी सगळे वाचते. पण त्यापेक्षा एकदा येऊनच जा ना. प्रदर्शन संपलं, फोटो आता माझ्याकडे आहे, मागाच्या खोलीत. भोकही पल्लवीनं तसंच ठेवलं आहे, उलटी गल्ली दाखवीन तुम्हाला. सकाळचे या, चहा-पोहे करीन. लवकर या मात्र, ऊन फार वाढायच्या आत. अन् गल्लीत शिरलात की मधून येऊ नका. भिंतीच्या कडेनं या.